पेंग्विनची बारीक अक्षरं

बसस्थानकाच्या आवारात बॅटरीखोलीला लागून एक चिंचोळी खोली होती आणि तिच्यात पेंग्विन राहायचा. राहायचा म्हणजे नोकरी करायचा. घर होतं, बायको होती, पण कँटीनचं म्हणणं असं की घरी तो फक्त कपडे बदलायला जातो. आईबापांनी त्याला चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, ते पगाराच्या चिठ्ठीवरच काय ते दिसायचं. बाकी जगासाठी तो पेंग्विन. एक तर आगारातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर त्याने विंडोज काढून लिनक्स चढवलं होतं, आणि लिनक्सची खूण असलेला तो गुबगुबीत पेंग्विन स्वतःच्या दारावर चिकटवला होता. दुसरं कारण त्याची चाल. दोन्ही हात अंगाला चिकटवून, पावलं बाहेर फेकत तो आवारातून निघाला की ड्रायव्हर लोक हॉर्न हळूच वाजवून त्याला वाट द्यायचे. त्याला वाटायचं, मान देतात.

खोटं कशाला बोला, माणूस कामाचा होता. तो येण्याआधी तिकीट खिडकीवरचं मशीन चालू करावं, बाहेर जाऊन चहा घ्यावा, दोन ओळखीच्यांची विचारपूस करावी, तरी परत येईपर्यंत ते आळोखेपिळोखेच देत असायचं. व्हायरस तर इतके, की आपल्या गाड्यांपेक्षा ह्या डब्यातच प्रवासी जास्त असं एक कंडक्टर म्हणायचा. पेंग्विनने सगळं झाडून पुसून साफ केलं. मशीनं टणाटण चालायला लागली. आणि तिथेच गडी बिघडला.

त्याची एक पद्धत होती. आधी सगळं काही स्वतःच्या मशीनवर मनासारखं लावायचं, मग एका हुकमासरशी ते जसंच्या तसं आगारातल्या सगळ्या मशीनांवर उतरवायचं. वर बंदोबस्त असा, की रोज सकाळी मशीन सुरू झालं की ते आपण होऊन पेंग्विनची मांडणी पुन्हा ओढून घेणार. कुणी पडद्यावर नातवाचा फोटो लावला, दुसऱ्या दिवशी गायब. कुणी अक्षरं मोठी केली, दुसऱ्या दिवशी होती तशी. पुढे तर अक्षरं मोठी करण्याची कळच त्याने मारून टाकली, कारण पासवाल्या भाऊसाहेबांनी एकदा पान इतकं फुगवलं की पडद्यावर एका काना-मात्रेशिवाय काही उरलं नाही, आणि त्यांनी पेंग्विनला जेवणावरून उठवलं.

उठणं त्याला आवडायचंच नाही. कुठलंही मशीन बिघडो, हा आपल्या खोलीतून तारेवाटे आत शिरणार, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी खडखडवणार आणि फोनवर सांगणार, "झालं. बघा आता." समोरचा बघतोय की नाही हे कळायच्या आत फोन खाली.

बाकी शौक म्हणाल तर एकच. अक्षरांचा. ब्राउझरमधल्या अक्षरांसाठी त्याने कुठून कुठून शोधून एक नाजूक, सडपातळ वळण आणलं होतं. बांबूच्या काड्या उभ्या कराव्यात तसं. ठळक अक्षर त्याला गावंढळ वाटायचं. "अक्षराला डौल पाहिजे," तो म्हणायचा. बायको म्हणायची, "अहो, एवढं कौतुकाने माझ्याकडे कधी पाहिलंत का?" तेव्हा तो चष्मा पुसायला घ्यायचा.

आता माईकताई.

चौकशीच्या खिडकीमागे, माईकसमोर, त्या इतकी वर्षं बसत होत्या की त्यांचा आवाज आला नाही तर गाड्या फलाट सोडणार नाहीत अशी लहान मुलांची समजूत होती. ताई मूळच्याच तोंडाळ. घोषणा करता करता मधेच, "खांबाला टेकलेले निळ्या शर्टवाले दादा, तुमची पिशवी उघडी आहे," असंही सांगायच्या. आणि पेंग्विनवर त्यांचे उपकार होते. नोकरीला लागला तेव्हा तो कंडक्टर होता, आणि कंडक्टर असून त्याला ओरडता यायचं नाही. भरल्या गाडीत तो इतक्या हळू आवाजात तिकीट विचारायचा, की लोकांना वाटायचं हा काहीतरी खासगी सांगतोय. त्याची नोकरी जायच्या बेतात होती. ताईंनी एकदा त्याला आपला भोंगा दुरुस्त करताना पाहिलं आणि तेव्हाच्या साहेबांना जाऊन सांगितलं, "ह्या पोराला गाडीवर पाठवू नका, वाया जाईल. आत ठेवा." म्हणून तो आत. तेव्हापासून ताई त्याला पेंग्या म्हणायच्या आणि तो त्यांच्यापुढे मान वर करून बोलत नसे.

मग एके दिवशी चौकशी खिडकीतला जुना पडदा जळाला आणि भांडारातून नवा आला. लहानसा, झुळझुळीत, महागाचा. भांडारवाल्याने तो जोडला, पेंग्विनने खोलीतूनच तपासला. वेळापत्रकाचं पान उघडतंय, ठीक.

दोन दिवसांनी ताईंचा फोन. "पेंग्या, अक्षरं बारीक झालीत रे."

"ताई, मी काही बदललेलं नाही."

"मग काय मी बदलले?"

"माझ्याकडे नीट दिसतंय," पेंग्विन म्हणाला. समोर त्याच्या पडद्यावर तेच पान, तीच सडपातळ अक्षरं, सुबक ओळींत उभी होती. "चष्मा दाखवून घ्या एकदा."

ताईंनी दाखवला. चष्मेवाला म्हणाला, नंबर होता तोच आहे. ताईंचा विश्वास बसला नाही, दुसरीकडे दाखवला. तोही तेच म्हणाला. ताईंनी तरी नव्या काचा घातल्या. मग आगारात बोलणी सुरू झाली, आणि आगारातली बोलणी म्हणजे विचारू नका. ताई पडद्याला नाक लावून बसतात. ताई अंदाजाने बोलतात. ताईंनी म्हणे परवा माईकवर सांगितलं, 'घाटावरची गाडी', मग बराच वेळ काही नाही, मग 'लागेल कुठेतरी'. ह्यातलं खरं किती आणि कँटीनने घातलेला मीठमसाला किती, देव जाणे. पण लोक हसत होते, आणि ताई, ज्यांनी जन्मभर माईकवरून दुसऱ्यांची फिरकी घेतली, त्या गप्प राहायला लागल्या होत्या. पेंग्विनला त्यांचे फोन येतच होते. तो दरवेळी तेच सांगे, दरवेळी थोडं जास्त घाईने.

आणि मग ती बंदराकडची गाडी. एक मुलगी वडिलांबरोबर नर्सिंगच्या प्रवेशाच्या मुलाखतीला निघाली होती. ताईंनी फलाट नऊ सांगितला. गाडी लागली एकवर. एक नंबर आवाराच्या ह्या टोकाला, नऊ त्या टोकाला. बापलेक सामान घेऊन धावेपर्यंत गाडी फाटकाबाहेर. वडील खिडकीशी येऊन तोंडाला येईल ते बोलले. मुलगी नुसती फाटकाकडे बघत उभी होती. ताईंना ते जास्त लागलं.

साहेबांनी दोघांना बोलावलं, ताईंना आणि पेंग्विनला. साहेब नवे होते, वाईट नव्हते, फक्त त्यांना प्रकरण जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं होतं.

"मशीनमध्ये काही गडबड?"

पेंग्विन तपासून आला होता. अर्थातच खोलीतून. "नाही साहेब. मशीनमध्ये एक आहे, स्पष्ट एक. ताईंनी नऊ वाचलं." इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण ताई काहीच बोलत नाहीत असं पाहून त्याला अवघडल्यासारखं झालं आणि समजूत घालावी म्हणून तो म्हणाला, "वय होतं साहेब माणसाचं. चालायचंच."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. मला माईकवरून उठवा. उद्या कुणाला भलत्याच गाडीत बसवेन."

अशा त्या उठल्या. त्यांना हरवलं-सापडलं विभागात पाठवलं, आणि माईकवर तिकीट खिडकीतली एक तरतरीत मुलगी आली. सोमवारी सकाळी तिने पेंग्विनला फोन लावला.

"सर, पडद्यावर मुंग्या कुणी सोडल्यात?"

"मुंग्या?"

"मग काय म्हणू? अक्षरं आहेत होय ही?"

"माझ्याकडे नीट दिसतंय," पेंग्विन म्हणाला. "तुम्ही एकदा डोळे..."

"ओ सर! डोळे माझे ठणठणीत आहेत. मी इथून समोरच्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या दातात काय अडकलंय ते सांगू शकते. तुम्ही या आणि इथे बसा. नाहीतर आत्ता माईकवर सांगते, पेंग्विन सर येईपर्यंत एकही गाडी सुटणार नाही."

ती सांगेल ह्याची पेंग्विनला खात्री होती. तो उठला, आवार ओलांडून गेला, आणि नोकरीत पहिल्यांदाच चौकशी खिडकीच्या खुर्चीत बसला.

त्याने पडदा पाहिला. पुढे झाला. आणखी पुढे झाला. मग त्याच्या लक्षात आलं की आपलं नाक काचेला लागायचंच राहिलंय.

एक आणि नऊ. दोन्ही एकाच केसाचे तुकडे. नवाचं डोकं कुठलं आणि एकाचं कुठलं, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं.

कारण कळायला त्याला क्षणही लागला नाही, आणि ते जास्त वाईट. अक्षर पडद्याचे किती ठिपके उंच असावं हे त्याने एकदाच, आपल्या पडद्याकडे बघून, साऱ्या आगारासाठी ठरवून टाकलं होतं. त्याच्या खोलीतल्या जुन्या पसरट पडद्यावर ठिपका मोहरीएवढा. ह्या नव्या महागड्या पडद्यावर ठिपका खसखशीएवढा. ठिपके तेवढेच, अक्षर मात्र निम्मं. त्यात त्याचं ते सडपातळ वळण. त्यात अक्षराच्या रेघा ठिपक्यांवर घट्ट बसवणारी सोय त्याने, डौल जातो म्हणून, बंद केलेली. त्यात मोठं करायची कळ मारलेली. आणि एवढं करूनही ताईंनी कुणाच्या तरी मदतीने काही सुधारून घेतलं असतंच, तर दुसऱ्या सकाळी ते पुसून टाकायची व्यवस्था चोख. एखाद्याने वैर धरून ठरवून केलं असतं तरी इतकं बिनचूक जमलं नसतं.

"काय झालं सर? दिसेना ना?" मुलगी म्हणाली.

"दिसतंय," पेंग्विन म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा त्या भरल्या गाडीतल्या कंडक्टरचा झाला होता.

त्याने मशीनला त्या पडद्याच्या ठिपक्यांचं खरं माप सांगितलं. ब्राउझरच्या पोटातलं ते पान उघडलं, ज्याच्या दारातच 'पुढे हात घालाल तर जबाबदारी तुमची' असं बजावलेलं असतं, आणि ह्यापेक्षा लहान अक्षर दाखवायचं नाही असा नियम घातला. सडपातळ वळण काढून एक जाडसर, साधं, गावंढळ वळण बसवलं. रेघा ठिपक्यांवर घट्ट केल्या. मारलेली कळ जिवंत केली. रोज सकाळी आपली मांडणी लादणारी ओळ खोडली. एवढंच. चहाचा कप गार व्हायला लागतो त्याहून कमी वेळ. पान पुन्हा उघडलं आणि एक नंबर खांबासारखा ताठ उभा राहिला, नऊ आपलं डोकं घेऊन दूरवर वेगळा.

"अय्या! जादूच केलीत की," मुलगी टाळ्या पिटत म्हणाली. नेमके साहेब तिथून चालले होते. त्यांनी डोकावलं. "वा! काय केलंत?"

आता बोलायची वेळ होती. पेंग्विनने तोंड उघडलं. "नवीन अपडेट आलं होतं साहेब," तो म्हणाला.

"शाबास," साहेब म्हणाले आणि निघून गेले. ते शाबास पेंग्विनच्या पाठीवर पालीसारखं पडलं आणि दिवसभर तिथेच राहिलं.

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "चेहरा का असा? कुणाचं मशीन गेलं?"

त्याने सगळं सांगितलं. म्हणजे अपडेटपर्यंतचं सगळं. तिने मधे काही विचारलं नाही, आणि ती मधे बोलत नाही तेव्हा तो जास्त घाबरायचा.

"म्हणजे त्या बाईचे डोळे चांगले होते."

"हो."

"आणि तुम्ही साहेबांसमोर त्यांना म्हातारी केलीत."

"अगं, मला माहीत नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. आज दुपारी होतं ना?" तिने वाटी जरा जोरातच ठेवली. "उद्या सांगा. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी तो गेलाही. हरवलं-सापडलं म्हणजे एक अंधारी कोठडी, छत्र्या, एकेकटे बूट, कुणाची तरी पेटी, टिफिन. ताई मधोमध स्टुलावर बसून वस्तूंना चिठ्ठ्या बांधत होत्या. त्याला पाहून त्या हरखल्या.

"ये रे पेंग्या! बघ कसा दरबार आहे माझा. सगळे मुके, म्हणून उलटून बोलत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक गंमत सांगू? इथे मला वाचता येतं रे. ही चिठ्ठी बघ, ही बघ, एवढीशी आहे. घडाघडा वाचते. मी विचार करत होते, असं कसं? मग कळलं. डोळ्यांना काही झालेलंच नाही. मीच घाबरले. माईकसमोर बसलं की माझं डोकंच चालेनासं झालंय. तसंच असणार, नाही का?"

त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं होतं. आणि तो म्हणाला, "ताई, इथला बल्ब बदलायला सांगतो."

बल्ब सांगितला. लगेच बदललाही. बुधवारी तो एक टेबलपंखा घेऊन गेला. गुरुवारी त्याने स्टूल काढून चांगली पाठीची खुर्ची आणली. ताई म्हणाल्या, "अरे, माझं लग्न ठरलंय की काय? एवढा रुखवत कशाला?" तो हसला आणि पळाला. आवारातून जाताना भोंग्यावर त्या मुलीचा आवाज यायचा, बिनचूक, एकही फलाट न चुकता, आणि प्रत्येक बरोबर घोषणेला पेंग्विनची मान आणखी खाली जायची. घरी बायको रोज दारातच बघायची आणि न विचारता आत जायची. शब्दाने बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी तो रिकाम्या हातांनी गेला.

"ताई, चला माझ्याबरोबर. खिडकीशी."

"नको रे. तिथे नको."

"चला," तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहून त्या उठल्या.

मुलीने जागा दिली. ताई खुर्चीत बसल्या, सवयीने नाक पुढे नेलं, आणि तशाच थांबल्या. मग हळूहळू मागे सरकल्या, पाठ टेकेपर्यंत. तिथून त्यांनी सबंध पान वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. शेवटची गाडी वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि चष्म्याशिवाय पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"माझी चूक होती ताई," पेंग्विन म्हणाला. "अक्षरं मीच बारीक केली होती. मुद्दाम नाही. पण मीच. तुमचे डोळे चांगले आहेत. डोकंही चांगलं आहे."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला गप्प राहणं किती जड जात होतं ते दिसत होतं.

"कधी कळलं तुला?" ताईंनी विचारलं.

पेंग्विनने चष्मा पुसायला घेतला.

"सोमवारी," मुलगी म्हणाली. तिने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"सोमवारी," ताई म्हणाल्या. "म्हणजे तो बल्ब. तो पंखा. ती खुर्ची." "आधीचं सोड. तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण सोमवारनंतर मी तुला विचारलं होतं ना रे? तुझ्या तोंडाकडे बघून विचारलं होतं, की माझंच डोकं चालेनासं झालंय का. आणि तू वर बल्बकडे बघितलंस."

पेंग्विनला वाटलं, ह्यापुढे त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर तो उभा राहून ऐकणार होता, त्याची तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेबांना सांग. आणि कँटीनमध्ये सांग. माझे डोळे तिथेच गेले होते."

साहेबांनी ऐकलं, हं म्हणाले, आणि ताईंना माईकवर बसायचा हुकूम दिला. कॉम्प्युटर आहे, व्हायचंच असं, असंही म्हणाले. पेंग्विनला त्याचं काही वाटलं नाही. खरी भीती कँटीनची होती.

चहाच्या वेळी बाकं भरली होती. ताई कोपऱ्यात कप घेऊन बसल्या होत्या. पेंग्विन मधे जाऊन उभा राहिला, हात अंगाला चिकटलेले. एकाने तोंडाने हॉर्न वाजवला. हशा पिकला.

"मला काही सांगायचंय," पेंग्विन म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग, ज्याला तिकीट विचारताना कधी आवाज चढवता आला नव्हता, तो माणूस ओरडला. "ताईंचे डोळे चांगले आहेत! फलाट चुकला तो माझ्यामुळे! अक्षरं मी वाचण्यासारखी ठेवली नव्हती! आणि साहेबांसमोर मी त्यांच्या वयावर ढकललं!"

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारलं, "म्हणजे अक्षरं तू लहान केलीस?"

"हो."

"कशाला?"

"मला तशी आवडायची."

हे जरा नवीन होतं. बाकांवर कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, "आपल्याला बुवा कळलं नाही," आणि कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसायला लागले, नेहमीसारखे, मनात काही न ठेवता. पाठीवर थाप पडली. भज्यासारखं गरम गरम प्रकरण क्षणात गार झालं. एवढी लाज घेऊन आलेल्या माणसाने ती ठेवायची कुठे, हे कुणी सांगेना. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी चहा संपवला, कप नळाखाली धुतला आणि त्याच्या बाजूने जाताना एवढंच म्हणाल्या, "मोठ्याने बोलता येतं की तुला." त्यात कौतुक होतं की टोमणा, त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मग त्या माईककडे गेल्या.

म्हातारा ड्रायव्हर मागे राहिला होता. त्याने खिशातून मोबाईल काढून पेंग्विनच्या हातात दिला. "हे घे. ह्याचीपण अक्षरं बारीकच आहेत बघ. पोरं म्हणतात, बाबा तुमचे डोळे गेले."

आठवड्यापूर्वी पेंग्विनने तो तिथल्या तिथे हातात फिरवून, झालं, बघा आता, म्हणून परत केला असता. आता तो त्या बाकावर, म्हाताऱ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसला. अक्षर एक पायरी मोठं केलं आणि मोबाईल त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"दिसतं का?"

म्हाताऱ्याने मान मागे घेतली, पुढे आणली, पुन्हा मागे घेतली. पेंग्विन हात तसाच उंच धरून, मान खाली घालून, उत्तराची वाट बघत राहिला.